आयडिया सांगण्याआधी विचारा : मोबदला कोण देणार?

आमच्या टेंभुर्णी-जाफ्राबाद पट्ट्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन चालतं. कंपनी नर-मादीचं बियाणं देते, आमच्या आयाबहिणी फुलाफुलाला हात लावून क्रॉसिंग करतात. पण ते नर-मादी कोणत्या वाणाचे, हे कंपनी सांगत नाही. तेच तिचं भांडवल. आणि आपली पोरं कॉलेजच्या इनोव्हेशन स्पर्धेत पहिल्याच स्लाईडवर सगळी रीत उघडी करून ठेवतात, एका प्रमाणपत्रासाठी.

अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ साली हा पेच मांडला. माहितीची किंमत ठरवायला ती आधी पाहावी लागते, आणि एकदा पाहिली की पैसे देण्याची गरजच उरत नाही. ज्याच्याकडे जमीन, प्रयोगशाळा, वकील आहे त्याला हा पेच टोचत नाही. टोचतो तो आपल्याला.

दादाजी खोब्रागडे आठवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचा हा दलित अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. वर्षानुवर्षं निवड करून त्यांनी जो वाण काढला, तो एचएमटी. मागेल त्याला बियाणं दिलं. १९९४ साली कृषी विद्यापीठाने ते नेलं आणि १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' बाजारात आला. आम्ही फक्त शुद्धीकरण केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. मग मूळ वाण ज्याचा, त्याचं नाव कुठे गेलं? २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने दखल घेतली. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले, तेव्हा घरात उपचाराच्या खर्चाची ओढाताण होती.

काही मित्र म्हणतील, ज्ञान दडवणं हे तर मनूचं काम, आपण वाटणारे लोक. बरोबर आहे. सगळ्यांनीच दडवलं तर दहा जण एकच चूक दहा वेळा करतील. पण वाटण्याचा मोबदला ठरवता येतो. नेटफ्लिक्सने २००६ साली चित्रपटांच्या शिफारशी सुधारण्यासाठी दहा लाख डॉलरची स्पर्धा लावली. मधल्या टप्प्यावर ५० हजार डॉलरचं वेगळं बक्षीस होतं, आणि त्याची एक अट अशी : आपली रीत जाहीर करायची. त्याच जाहीर रीतींवर पुढच्यांनी इमारत चढवली आणि २००९ मध्ये स्पर्धा जिंकली गेली. तिथे सांगणाऱ्याच्या हातात पैसे पडले, नावही राहिलं.

आपल्याकडच्या किती स्पर्धांत असा नियम आहे? उलट फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरांत सगळे हक्क आयोजकांकडे जातात. तो फॉर्म वाचा, भावांनो आणि बहिणींनो. यंत्र किंवा उपकरण असेल तर मंचावर जाण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज टाका. पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. आपणच आधी जाहीर केलं तर नवेपणा जातो आणि पेटंट हातचं निसटतं. वाण असेल तर २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या नावाने नोंदणी करता येते. दादाजींनी बियाणं दिलं, तेव्हा हा कायदाच नव्हता. आज आहे. आणि आयोजक हक्क सोडायला तयार नसतील, तर परीक्षकांना परिणाम दाखवा, रीत लेखी करार झाल्यावर.