आमदारांच्या हितसंबंधांची नोंदवही उघडा: महाराष्ट्रातील मतदारांना आवाहन



२०२४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्जांची मुदत २९ ऑक्टोबरला संपली आणि २० नोव्हेंबरला मतदान झालं. मध्ये जेमतेम तीन आठवडे, त्यातच दिवाळी. उमेदवाराची मालमत्ता, कर्जं, गुन्हे आणि उत्पन्नाचे मार्ग सांगणारी नमुना २६ची शपथपत्रं त्या गडबडीत जाहीर झाली. किती जणांनी ती उघडून पाहिली? ती संकेतस्थळावर आजही आहेत, पण त्यातला हिशेब अर्ज भरल्याच्या दिवशीच थांबला आहे. त्यानंतर आमदार कोणत्या संस्थेचा अध्यक्ष झाला, कोणत्या कंपनीत त्याची भागीदारी आली, कोणत्या विधेयकाला त्याने हो म्हटलं, हे मतदाराला नेमाने कळवण्याचं बंधन त्याच्यावर नाही. पुढचं शपथपत्र २०२९ साली. तोवर राज्याचे अनेक अर्थसंकल्प मंजूर होऊन गेलेले असतील. म्हणून हे आवाहन आत्ता करावं लागतं आहे.

शपथपत्राचा हक्कसुद्धा आपल्याला सहजासहजी मिळालेला नाही. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची माहिती मिळणं हा मतदाराचा हक्क ठरवला. संसदेने लगेच कायदा बदलून तो आकसवला आणि मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. २०१८ साली लोकप्रहरी खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. उमेदवाराचे, त्याच्या जोडीदाराचे आणि अवलंबितांचे उत्पन्नाचे स्रोत सांगावे लागतील, सरकारशी असलेली कंत्राटंही सांगावी लागतील, असं त्याने बजावलं. निवडून आल्यावर मालमत्ता किती वाढते यावर लक्ष ठेवणारी कायमची यंत्रणा हवी, असंही न्यायालयाने म्हटलं. ती यंत्रणा आपण अजून मागतोच आहोत.

खासदारांवर निदान काही बंधनं आहेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७५ अ प्रमाणे निवडून आलेल्या खासदाराला शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत मालमत्ता आणि देणी पीठासीन अधिकाऱ्याला कळवावी लागतात. हे कलम फक्त संसदेपुरतं आहे, आमदार त्यात येत नाहीत. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. मानधन मिळणारी संचालकपदं, नियमित मोबदल्याची कामं, कंपनीवर ताबा देणारे भाग, सल्लागारी आणि व्यावसायिक काम अशा पाच गोष्टी सदस्याला तीत नोंदवाव्या लागतात. राज्यसभेची आचारनीती समिती १९९७ साली नेमली गेली. तिचे पहिले अध्यक्ष होते शंकरराव चव्हाण, दोनदा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले. महाराष्ट्राच्या नेत्याने दिल्लीत ही वाट आखण्यात पुढाकार घेतला आणि महाराष्ट्राच्या विधानमंडळात मतदाराला उघडून पाहता येईल अशी नोंदवही नाही, याचं मला अतोनात वाईट वाटतं.

मतदानाचं घ्या. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ विधेयकावर लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ असं मतदान झालं. आपला खासदार कोणत्या बाजूला होता, हे त्यामुळे नावानिशी शोधता येतं. आपल्या विधानसभेत बहुतेक कामकाज आवाजी मतदानावर चालतं. अध्यक्ष विचारतात, होकार आणि नकार कानांनी तोलतात आणि निर्णय जाहीर करतात. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी तर सरकारवरचा विश्वासदर्शक ठरावच असा मंजूर झाला. विरोधकांनी मतविभागणी मागितली, पण तोवर वेळ टळली असं ठरलं. त्या दिवशी कोण ठरावाच्या बाजूने होतं आणि कोण विरुद्ध, याची नावनिशीवार यादी इतिहासात नाही. जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयकही विधानसभेत आवाजी मतदानानेच मंजूर झालं. त्यावर लोकांकडून बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या होत्या. हरकत पाठवणाऱ्या माणसाला आपल्या आमदाराने काय केलं हे कळू नये? तुम्ही विधेयकाच्या बाजूचे असा की विरोधातले, हा प्रश्न तुमचाही आहे.

मला नेहमी सांगितलं जातं की पक्षादेश असतो, १९८५चा पक्षांतरबंदी कायदा आहे, आमदाराच्या हातात काय उरतं? हे अर्धंच खरं आहे. मतविभागणी मागायची की नाही, समितीत मतभेदाची टिप्पणी जोडायची की नाही, हे सगळं त्याच्याच हातात असतं. आणि पक्षादेशाखाली मत दिलं असेल, तर तसं मतदाराला सांगायला कोणताही कायदा आड येत नाही.

आता मुद्दा पैशाचा. महाराष्ट्रात आमदाराचं हित कंपनीच्या भागांपेक्षा संस्थांमध्ये जास्त गुंतलेलं असतं. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, बाजार समिती, सूतगिरणी, शिक्षण संस्था. कारखान्यांना मिळणारं मार्जिन मनी कर्ज पुरवणी मागण्यांतून सभागृहासमोर येतं आणि त्याच सभागृहात कारखान्यांचे संचालक बसलेले असतात. उसाची थकलेली बिलं, महाविद्यालयांची फी, दुधाचं अनुदान हे विषय निघतात तेव्हा बोलणारा सदस्य शेतकऱ्याच्या किंवा पालकाच्या वतीने बोलतो आहे की स्वतःच्या संस्थेच्या, हे ऐकणाऱ्याला समजायला हवं. सरकारचा किमान २५ टक्के भांडवली वाटा असलेल्या कंपनीचा व्यवस्थापक आमदार होऊ शकत नाही, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १० सांगतं. पण कंसात सहकारी संस्था वगळल्या आहेत. शपथपत्रही मानद अध्यक्षपदं विचारत नाही. स्वतः कमावता मुलगा, भाऊ, पुतण्या त्याच्या चौकटीबाहेरच राहतात, आणि कंत्राटं बहुधा त्यांच्याच नावावर निघतात असं गावोगाव बोललं जातं. बोललं जातं, एवढंच. खरं-खोटं करायला कागद नाही. त्यात प्रामाणिक आमदाराचाही तोटाच आहे.

सहकारात पद असणं हा दोष नव्हे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या कारखान्याने गावं सावरली. असे लोक सभागृहात असावेतच. त्यांनी बोलायला उठताना एवढंच सांगावं की या विषयात माझं हित आहे.

पदांचंही तेच. लाभाच्या पदावरून २००६ साली जया बच्चन यांची राज्यसभेची जागा गेली. पगार घेतला नव्हता, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. आपल्याकडे १९५६च्या एका राज्य कायद्याने अनेक पदं या अपात्रतेतून वगळली आहेत. वगळलेली असली, तरी ती कुणाकडे आहेत हे एका जागी दिसायला काय हरकत आहे?

यासाठी दिल्लीकडे डोळे लावायची गरज नाही. संविधानाच्या अनुच्छेद २०८ ने प्रत्येक राज्याच्या सभागृहाला स्वतःच्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे. नियम समितीने शिफारस करावी, सभागृहाने मान्य करावी, एवढं पुरेसं आहे. प्रत्येक सदस्याची पदं, संस्था आणि आर्थिक हितसंबंध यांची दरवर्षी अद्ययावत होणारी जाहीर नोंदवही, आणि विधेयकं व पुरवणी मागण्यांवर नावनिशीवार मतदान, ही आपली मागणी आहे.

येत्या अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला एक पत्र लिहा. आपण ज्याला मत दिलं, ज्याच्या पक्षाचा झेंडा आपल्या दारावर आहे, त्या आमदाराला आधी. फक्त विरोधी पक्षाच्या आमदारालाच विचारलं, तर ही मागणी पहिल्याच दिवशी मरेल. पत्रात विचारा: गेल्या अधिवेशनात तुम्ही कोणत्या विधेयकांच्या बाजूने वा विरोधात होतात? तुम्ही आणि तुमचे कुटुंबीय कोणत्या संस्थांवर आहात? त्यांपैकी कोणाला सरकारचं कर्ज, हमी, अनुदान किंवा कंत्राट मिळालं आहे? आणि नोंदवहीचा नियम व्हावा म्हणून तुम्ही सही कराल का? पत्राची प्रत विधानसभा अध्यक्षांना पाठवा.

ग्रामसभेत हा विषय ठेवा आणि ठराव इतिवृत्तात येईल असं पाहा. शहरात गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेनंतर दहा मिनिटं काढून सह्या घ्या. ज्यांना जमेल त्यांनी धर्मादाय कार्यालयातून आमदारांच्या शिक्षण संस्थेचा शेड्यूल वनचा उतारा मागवावा, विश्वस्त कोण ते त्यात असतं. विधानमंडळ सचिवालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा: दहा रुपयांचं शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. आमदारांच्या कामाचं प्रगतिपुस्तक मुंबईत प्रजा फाउंडेशन वर्षानुवर्षं काढत आलं आहे. नांदेडला, चंद्रपूरला, सिंधुदुर्गात ते तिथल्याच लोकांना करावं लागेल. कॉलेजातल्या मुलांना हाताशी घ्या, त्यांना हे काम आवडतं आणि झेपतंही.

पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. उत्तर आलं, तर ते जसंच्या तसं ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या फलकावर लावा. महिन्याभरात आलं नाही, तर आपलं पत्र आणि ती पोच लावा.