खालांची हजेरी

वीसेक वर्षे झाली, शाळेत पहिल्या तासाला हजेरी घेणे हे आमचे काम. नाव पुकारायचे, ‘हाजिर’ ऐकायचे, पटावर खूण करायची. एखादे मूल तीन दिवस आले नाही तर चौथ्या दिवशी त्याच्या घरी निरोप जातो. मुलांच्या बाबतीत ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण साठी ओलांडलेल्या बाईची हजेरी कोण घेते? ती चार दिवस दिसली नाही तर कुणाच्या लक्षात येते? या महिन्यात आम्ही अशाच एका बाईंविषयी लिहिणार आहोत. ‘नाव लिहू नका,’ असे त्यांनी बजावले आहे. आमच्या व्यायामाच्या वर्गात त्यांना सगळ्या जणी खाला म्हणतात. आपणही खालाच म्हणू.

आमचा वर्ग इचलकरंजीतल्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भरतो. वेळ सकाळी सव्वासहाची. फजरची नमाज आटोपून आम्ही निघतो तेव्हा रात्रपाळीचे यंत्रमाग चालूच असतात. गल्लीतून चालताना तो खडखडाट दोन्ही बाजूंनी सोबत करतो. वर्गात वीस-पंचवीस बायका. कुणी साडी खोचलेली, कुणी सलवार-कमीजवर ओढणी कमरेला बांधलेली. आमचे गाव पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांनी वाढलेले. त्यामुळे व्यायामाची मोजणीही आलटूनपालटून होते. एक दिवस मराठीत, एक दिवस कानडीत, एक दिवस मारवाडीत. खालांची पाळी आली की ‘ग्यारा, बारा, तेरा’ असे सगळा हॉल म्हणतो. शिकवणाऱ्या ताई शिस्तीच्या आहेत. त्यांनी एक वही केली आहे आणि मास्तरीण म्हणून ती आमच्या हाती दिली आहे. तिथेही हजेरीच!

खाला या वर्गात अकरा वर्षे येत आहेत. वय सदुसष्ट. उभ्या राहतात नेहमी पहिल्या ओळीत, ताईंच्या अगदी समोर. नवीन बायकांना वाटते, खालांना पुढे पुढे करायची हौस आहे. खरे कारण वेगळे आहे. त्यांना कमी ऐकू येते.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आणला. पुढे घरोघर माग आले आणि गावाला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणू लागले. खालांचे वडील मागावर, नवरा मागावर, मुलगा जॉबर. खालांनी स्वतः पंचवीस-तीस वर्षे कांड्या भरल्या. धोट्याचे माग चालतात त्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो, आणि अशा आवाजात वर्षानुवर्षे राहिले की कान हळूहळू जातात. गेलेले ऐकणे परत येत नाही. म्हणून मागावरची माणसे मोठ्याने बोलतात आणि समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणे ओळखतात. खाला ताईंचे ओठ बघतात, हातपाय बघतात आणि बरोबर तसेच करतात. कान शाबूत असलेल्या आम्ही मात्र डावा म्हटले की उजवा पाय उचलतो.

अकरा वर्षांपूर्वी खाला आल्या त्या गुडघ्यांसाठी. जमिनीवर बसले की उठता येत नव्हते. नमाज खुर्चीवर सुरू झाली होती. त्रास असेल तर खुर्चीवर नमाज होतेच, त्यात कमीपणा काही नाही. पण खालांच्या मनात एकच होते, एकदा तरी पुन्हा जमिनीवर सजदा करायचा. ताईंनी त्यांना पहिल्या दिवशी खुर्चीच दिली. हात छातीशी घ्यायचे, खुर्चीवरून उठायचे, पुन्हा सावकाश बसायचे. पहिल्या दिवशी तीन वेळा जमले आणि तेही हाताचा आधार घेऊन. पुढे पाच, पुढे दहा. मग भिंतीला धरून टाचा उचलणे, भिंतीला हात टेकून दंड, एका पायावर उभे राहणे, फरशीच्या रेषेवरून टाचेला बोट लावत चालणे. पाण्याने भरलेली लिटरची बाटली म्हणजे किलोभर वजन, ती हातात घेऊन हात वर. खालांचे गुडघे काही नवे झाले नाहीत. पण मांड्यांत ताकद आली. दीड-दोन वर्षांनी एका सकाळी त्या आल्या आणि कुणाला काही न सांगता चटईवर बसल्या, भिंतीला एक हात लावून उठल्या, आणि आमच्याकडे बघून नुसत्या हसल्या. आम्ही समजलो.

खालांची खरी आवड ऐकली तर वाचकांना नवल वाटेल. ती आहे कुस्ती! गच्चीवर पुदिना आणि मिरच्यांची रोपे आहेत, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणे आहे, पण या गोष्टी हातांच्या. जीव कुस्तीत. लहानपणी वडील भावांना घेऊन कोल्हापूरच्या खासबाग मैदानात जायचे. शाहू महाराजांनी बांधलेले हे मैदान १९१२ साली खुले झाले. भाऊ परत आले की अंगणात डाव करून दाखवायचे आणि खाला दारात उभ्या राहून बघायच्या. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव, १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, मारुती माने, दादू चौगुले, ही नावे त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकली ती आजही पाठ आहेत. ‘तुम्ही कधी गेलात का खासबागेत?’ असे आम्ही एकदा विचारले. त्या म्हणाल्या, “आपा, लडकियां कहां जातीं थीं उस वखत?”

हा प्रश्न आमच्या मनात बरेच दिवस राहिला. कोल्हापूर भागात व्यायाम ही एकट्याने करायची गोष्ट कधी नव्हतीच. गल्लीत तालीम, तालमीत वस्ताद, आणि पोरगा दोन दिवस मातीत उतरला नाही तर वस्ताद घरी येऊन विचारणार. कोल्हापुरातल्या कितीतरी तालमींत मोहरमचे पंजेही बसतात, आणि हिंदू-मुसलमान मुले एकाच मातीत अंग घासतात. शरीर कमवायचे, तिथेच मैत्री जोडायची, तिथेच एकमेकांची खबर ठेवायची. हे सगळे पुरुषांना होते. बायकांना पाणवठा होता, तोही नळ आल्यावर गेला. आमचा हा वर्ग म्हणजे बायकांची तालीमच, असे आम्हांला वाटते. साठ वर्षे उशिरा का होईना, खालांना त्यांची तालीम मिळाली. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उचलली, तेव्हा खालांनी ती कुस्ती नातीच्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिली आणि दुसऱ्या दिवशी आम्हांला डाव समजावून दिला.

आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सोमवारी खाला आल्या नाहीत. मंगळवारी नाहीत. बुधवारी वहीतल्या तीन मोकळ्या चौकटींकडे बघून आम्ही ताईंना म्हणालो, ‘असे कधी झाले नाही.’ रमजानमध्येसुद्धा खाला येऊन बसायच्या, हलके हातपाय हलवायच्या. वर्ग संपल्यावर आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो.

खाला पलंगावर होत्या, घोट्याला पट्टी. रविवारी रात्री मोरीत पाय घसरला होता. हाड मोडले नव्हते, मुरगळले होते. दारात मुलगा भेटला, रात्रपाळी करून नुकताच आलेला. तो आम्हांला म्हणाला, “आपा, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा, या वयात जिने चढून व्यायामाला जायचं का? मी पाळीवर, बायको शिलाईवर. पुन्हा पडली तर बघायचं कुणी? आता बस झालं. अम्मीनं घरीच आराम करावा.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. भीती होती. आई पडल्याचा आवाज ज्याने ऐकला असेल त्यालाच ती कळेल. आम्ही काय बोलावे या विचारात होतो. खालांनी ऐकले नसेल असे आम्हांला वाटले, पण त्यांचे डोळे मुलाच्या ओठांवर होते. त्या म्हणाल्या, “मैं मोरी में गिरी, क्लास में नई. बंद करना है तो मोरी बंद करो!”

आधी सून हसली, मग सगळेच. पण हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. आपल्या घरांत हे फार वेळा होते. म्हातारे माणूस एकदा पडले की आपण मायेपोटी त्याला पलंगावर बसवतो. पाणी हातात, ताट हातात. दोन-तीन महिन्यांत पायांतली ताकद जाते, तोल जातो, आणि मग ते खरोखरच पुन्हा पडते. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने वेगवेगळ्या देशांतल्या १०८ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत साठीच्या पुढची तेवीस हजारांहून अधिक माणसे होती. व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी आढळले. सगळ्यांत उपयोगी ठरले ते तोल सांभाळण्याचे आणि उठण्या-बसण्यासारखे रोजच्या हालचालींचे व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्लाही असाच आहे. मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम दमछाक होईल इतकी हालचाल करावी, आणि पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम त्यात घालावेत. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही शिकवण तर आपण लहानपणापासून ऐकतो. हा हक्क आईच्या शरीरालाही आहे, एवढे मात्र विसरतो.

त्या दिवशी आम्ही मुलाशी वाद घातला नाही. एवढेच म्हणालो, ‘डॉक्टरांना विचार. ते नको म्हणाले तर आम्ही पुन्हा बोलणार नाही.’ तो खालांना घेऊन गेला. डॉक्टरांनी सूज उतरेपर्यंत आराम सांगितला, पुढे हळूहळू व्यायाम सुरू करायला सांगितला. रक्तदाबाच्या गोळीमुळे उठताना चक्कर येते का, तेही विचारले आणि डोळे तपासून घ्यायला लावले. मग मुलाने मोरीत दांडी ठोकली, खाली रबरी चटई घातली, आणि रात्रभर जळेल असा छोटा दिवा लावला. हे सगळे मिळून काही फार खर्चाचे काम नव्हते. वाचकहो, तुमच्या घरी वडीलधारी माणसे असतील तर पडण्याची वाट न बघता एवढे आजच करा.

या मधल्या दिवसांत वर्गातल्या बायका पाळीपाळीने खालांकडे जात होत्या. कुणी डबा न्यायची, कुणी नुसतीच बसायची. खालांचे ऐकणे कमी, त्यामुळे फोनवर बोलणे होत नाही. माणसाने समोर जाऊनच बसावे लागते. एकदा आम्ही गेलो तेव्हा सून म्हणाली, “आपा, अम्मी अकरा वर्षं रोज कुठं जातात ते मला माहीत होतं. पण त्या नसल्या तर इतक्या जणी विचारत येतील, हे नव्हतं माहीत.” थोडे थांबून ती पुन्हा म्हणाली, “मी चार दिवस दिसले नाही तर कोण येईल हो?”

या प्रश्नावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

सहा आठवड्यांनी, सकाळी सव्वासहाला जिन्यावर पावले वाजली. पुढे खाला, एक हात कठड्याला. मागे सून, नवे बूट घातलेली, जरा लाजत. नातीचा शाळेचा डबा आणि चहा त्या तासात कोण बघणार, हा प्रश्न होताच. तो मुलाने घेतला आहे. दिवसपाळीच्या आठवड्यात त्याची ओढाताण होते, तेव्हा दोघींपैकी एकच येते. सगळे काही सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. जिना तोच आहे, मोरी तीच आहे, आणि खालांचे वय एका वर्षाने वाढलेच आहे.

खाला पहिल्या ओळीत आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. मग मागे वळून, मागाच्या शेडमध्ये बोलावे तशा मोठ्या आवाजात त्यांनी विचारले, “आपा, मेरी हाजरी लगाए क्या?”

आम्ही वही वर धरून दाखवली. त्यांनी सुनेकडे बोट केले. “इसका भी नाम लिखो.”

आम्ही लिहिले.