लाल-पांढरी पिन लावायची कुठे?

रेल्वेने बेलापूरला निघालेला माणूस ‘बेलापूर’ स्टेशनवर उतरतो तेव्हा तो असतो श्रीरामपूर शहरात. बेलापूर गाव तिथून काही किलोमीटर दूर, प्रवरेकाठी. नव्या टीव्हीच्या पाठीमागेही अशीच गफलत होते. एचडीएमआयच्या दोन-तीन खाचा दिसायला सारख्याच, पण साउंडबारला आवाज देणारी बहुधा एकच. तिच्याशेजारी बारीक अक्षरांत ‘एआरसी’ लिहिलेले असते. वायर भलत्या खाचेत गेली, की आवाज टीव्हीच्याच पोटातून येत राहतो आणि दोष मात्र साउंडबारच्या माथी बसतो.

ज्या घरात जुना ॲम्प्लिफायर किंवा काही वर्षांपूर्वीचा साउंडबार आहे, तिथे अडचण आणखी मोठी. त्याला हवी लाल-पांढरी पिन, आणि नव्या टीव्हीला ती खाचच नाही. काही मॉडेलमध्ये हेडफोनचे भोकही उरलेले नाही. टीव्ही पातळ करताना आतले स्पीकर एवढेसे झाले, त्यांची तोंडे खाली किंवा भिंतीकडे वळली. म्हणजे बाहेरच्या स्पीकरची गरज वाढली, नेमकी तेव्हाच तो जोडण्याची सोपी सोय काढून घेतली गेली. याला प्रगती म्हणणे जिवावर येते.

तांत्रिक बाजूने कंपन्यांचे अगदीच चूक नाही. एआरसीची सोय 2009 मध्ये एचडीएमआय 1.4 सोबत आली. एकाच वायरीतून आवाज जातो, आणि टीव्हीच्याच रिमोटवर साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. त्यासाठी सेटिंगमध्ये ‘सीईसी’ चालू करावे लागते. सॅमसंग त्याला ‘ॲनीनेट प्लस’ म्हणते, एलजी ‘सिम्पलिंक’. एकाच सोयीला इतकी नावे ठेवल्यावर गिऱ्हाइकाने ती ओळखायची तरी कशी?

जुने यंत्र मात्र लगेच भंगारात घालू नये. टीव्हीला ऑप्टिकल खाच असेल, तर डिजिटल आवाजाचे ॲनालॉग करणारी छोटी डबी मिळते. तिला यूएसबीतून वीज द्यायची आणि पुढे लाल-पांढरी वायर जोडायची. एवढे करूनही स्पीकर मुका राहिला किंवा नुसता खरखरला, तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडावे. या स्वस्त डब्यांना डॉल्बीचा आवाज उलगडता येत नाही आणि पुष्कळांची गाडी इथेच अडते. ऑप्टिकलही नसेल, तर एआरसीवर चालणारी डबी मागून घ्यावी. साधा ‘एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर’ सेट टॉप बॉक्स आणि टीव्ही यांच्या मध्ये बसतो. टीव्हीतल्याच यूट्यूबचा आवाज त्याच्या हाती लागत नाही.

फक्त केबल किंवा डिश पाहणाऱ्यांना तर काहीच विकत घ्यावे लागणार नाही, असेही होऊ शकते. अनेक सेट टॉप बॉक्सना लाल-पांढरी खाच अजून आहे. वायर थेट तिथूनच ॲम्प्लिफायरला न्यावी. ब्लूटूथ हा शेवटचा पर्याय. त्यात आवाज किंचित मागे राहतो, क्रिकेटमध्ये चेंडू सीमेकडे निघाल्यावर बॅटचा ठोका ऐकू येतो. शिवाय काही टीव्हींमधले ब्लूटूथ केवळ रिमोटपुरतेच असते.

पण हे सारे विकत घेण्याआधी गिऱ्हाइकाला कळायला नको का? खोक्यावर पडद्याची मापे आणि ‘फोर के’ मोठ्या अक्षरांत झळकतात. आवाज बाहेर काढायची खाच कोणती, हे शोधायला माहितीपत्रकाचे शेवटचे पान उलटावे लागते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार किंमत आणि उत्पादकाचे नाव खोक्यावर छापावेच लागते. त्याच खोक्यावर खाचांचे एक चित्र छापायला काय हरकत आहे? चित्राला भाषेचीही अडचण नाही. केंद्र सरकारने चार्जिंगसाठी टाइप-सीचे भारतीय मानक आणले, मग आवाजाच्या जोडणीबाबत निदान खोक्यावर सांगण्याची सक्ती करणे अवघड नसावे.

तोवर गिऱ्हाइकाने दुकानात टीव्ही पुढून पाहून झाला, की तो फिरवून दाखवायला सांगावे. घरच्या साउंडबारच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाईलमध्ये न्यावा. आणि टीव्ही भिंतीवर ठोकायला माणूस आला, की आधी वायर जोडून आवाज ऐकावा, मगच स्क्रू आवळू द्यावेत. नंतर त्या अरुंद फटीत हात जात नाही.