मुरदोलीच्या जंगलात चाळीसचा वेग

गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या चहाटपरीवर गेल्या हिवाळ्यात एका तरुणाने मला गाठलं. गोरेगाव सोडल्यापासून तो आमच्या गाडीमागे होता आणि त्याचा हॉर्न मी मुरदोलीच्या जंगलभर ऐकला होता. बोलायला मात्र सभ्य होता. म्हणाला, ‘‘काकाजी, राग मानू नका. पण तुम्हा लोकांना घाई नसते, आम्हाला असते. चाळीसच्या वर तुमची गाडी जातच नाही. रिटायर झाल्यावर घरी बसावं, नातवंडं खेळवावी. रस्ता कशाला अडवता?’’

गाडीत आम्ही सहा जण होतो. सगळ्यात लहान एकसष्ट वर्षांचा. चहा थंड होईपर्यंत मी त्याला उत्तर देत राहिलो, पण ते पुरं झालं नाही. राहिलेलं इथे लिहितो आहे. हे जितकं त्याच्यासाठी आहे तितकंच आमच्या गाडीतल्या सहा जणांसाठी. कारण त्याने केलेले आरोप चुकीचे होते, आणि आमच्यावर जे करायला हवे होते ते त्याला सुचले नाहीत.

आरोपी कोण, ते आधी सांगतो. ऑस्ट्रेलियात नोकरी संपलेली जोडपी मोटारीला कॅरॅव्हॅन जोडून महिनोन्महिने देशाला वळसा घालतात. त्यांना तिथे ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचे भटके. त्यांच्याविषयीची गाऱ्हाणी ऐकली की कोहमाराच आठवतं. रस्ता अडवतात, मुक्कामाची चांगली जागा धरून बसतात, किराणा घरून आणतात, सांडपाणी कुठेही सोडतात. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गोंदिया जिल्ह्यात मात्र घरासारखी ती गाडी मला क्वचितच दिसली. आपली कॅरॅव्हॅन म्हणजे भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर, नाहीतर मुलाने नवी घेतल्यावर आपल्या वाट्याला आलेली जुनी मोटार. डिकीत लहान सिलिंडर, कुकर, सतरंजी, पाण्याचा जार आणि गोळ्यांचा डबा. पावसाळा सरला की असे गट येऊ लागतात. नवेगावबांध, इटियाडोह धरण, दरेकसाजवळचा हाजरा धबधबा, प्रतापगड. दोन दिवस, तीन दिवस, जमलं तर आठवडा. मीही त्यांतलाच एक आहे.

आता रस्त्याचं बोलू.

नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान. डिसेंबर २०१३ मध्ये ही जंगलं आणि आसपासची अभयारण्यं मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. कागदावर तो एक आहे. जमिनीवर दोन जंगलांच्या मध्ये गावं आहेत, धानाची बांधी आहे, मुंबई-कोलकाता महामार्ग आहे, रेल्वे आहे, आणि गोंदियाहून कोहमाऱ्याला जाणारा आपला रोजचा रस्ता आहे. इकडचा वाघ तिकडे जायचा तर त्याला डांबर ओलांडावंच लागतं. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. किती माणसं राबली असतील त्यासाठी! आणि तीनच महिन्यांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, याच मुरदोलीच्या जंगलात रस्ता ओलांडणाऱ्या एका तरण्या वाघाला मोटारीची धडक बसली. मोडलेलं अंग ओढत तो झाडीकडे सरकत होता, त्याचं चित्रण राज्यभर मोबाइलांवर फिरलं. उपचारांसाठी नागपूरला नेताना तो मेला. ते चित्रण मी एकदाच पाहिलं. पुन्हा पाहवलं नाही.

त्या तरुणाचा हॉर्न वाजत होता तो याच जागेवर. मी त्याला एवढंच विचारलं, ‘‘तुमची घाई किती मिनिटांची होती?’’ मुरदोलीचा जंगलपट्टा काही किलोमीटरांचा. तो चाळीसने पार केला काय आणि ऐंशीने केला काय, फरक फार तर पाच-सात मिनिटांचा पडतो. समोर काही आलं हे मेंदूला कळून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागतो असं धरा. तेवढ्यात चाळीसची गाडी अकरा मीटर पुढे जाते, ऐंशीची बावीस. आणि ब्रेक लागल्यावर थांबायला ऐंशीच्या गाडीला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागतं. हे भौतिकशास्त्र मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. वाघ सोडा, चितळ आणि रानडुक्करही सोडा. खांद्यावर कुऱ्हाड घेऊन सरपणाला निघालेली बाई आणि मोहफुलं वेचून पहाटे परतणारं पोर हेच डांबर ओलांडतं. साकोली-देवरी दरम्यानच्या महामार्गावर उड्डाणपूल बांधून प्राण्यांना खालून वाट ठेवली, ते फार चांगलं झालं. पण प्रत्येक रस्त्यावर पूल उभा राहायचा नाही. जिथे पूल नाही तिथे चालवणाऱ्याचा उजवा पाय तेवढा आहे. त्यामुळे जंगलात चाळीसने जाणारा म्हातारा रस्ता अडवतो हे मला साफ नामंजूर आहे. वेगाचा माज उतरलेला तो एक शहाणा चालक आहे, आणि त्याच्यामागे हॉर्न वाजवणाऱ्यानेच आपला पाय आवरायला हवा.

तरी तरुणाच्या बोलण्यात एक खरं होतं आणि ते मी तिथेच कबूल केलं. जंगल संपलं, गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, तरी आमची गाडी मधोमधच चालली होती. मागे धानाचा ट्रक, काळी-पिवळी, दोन मोटारसायकली अशी रांग लागली होती. डावीकडे घेऊन, दोन मिनिटं थांबून, त्यांना जाऊ द्यायला हवं होतं. काळी-पिवळीतल्या कुणाला दवाखाना गाठायचा असेल.

आणि याहून मोठी गोष्ट आम्ही आपसातही बोलत नाही. सावध म्हणून हळू जाणं वेगळं आणि दिसत नाही म्हणून हळू जाणं वेगळं. कायद्याने पंचावन्न उलटल्यावर परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. माझं प्रमाणपत्र मागच्या खेपेला डोळ्यांवर बॅटरीसुद्धा न मारता मिळालं. सही झाली, शिक्का बसला, मी बाहेर. तेव्हा माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, समोरच्या दिव्याभोवती मला वलय दिसायचं. तशा डोळ्यांनी मी दोन वर्षं रात्री गाडी चालवली. कोणी मेलं नाही यात माझं कर्तृत्व काही नाही. शस्त्रक्रिया झाली, नजर परत आली, पण अंधार पडल्यावर स्टेअरिंगला हात लावायचा नाही हे मी तेव्हापासून पाळतो. शिक्का देणाऱ्याने तपासलं नाही म्हणून आपण तपासून घेऊ नये असं कुठे आहे? माझ्या वयाच्या प्रत्येक चालकाने वर्षाला एकदा डोळे, कान आणि मान तपासून घ्यावी. मान यासाठी, की ती वळत नसेल तर बाजूने येणारी सायकल दिसत नाही.

‘घरी बसावं’ हा दुसरा आरोप. याला मी अजिबात जागा देणार नाही. या मुलखात म्हातारी माणसं घरी कधी बसली? महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेला माझी आजी रेंगीतून जायची. खाली तणसाची गादी, वर ताट्याचं छत, मागे बांधलेली हंडी, बैलांचा चारा. वाटेत झाडाखाली मुक्काम, तीन दगडांची चूल. कॅरॅव्हॅन याहून वेगळी ती काय? पंढरीच्या वाटेवर आजही दिंडीमागे राहुट्यांचा ट्रक चालतो, आणि त्या दिंडीत सत्तरीचे पाय कमी नसतात. राज्य सरकारने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला तो त्यांनी घरात बसावं म्हणून केला काय?

मारुती चितमपल्ली १९९० साली वनखात्यातून निवृत्त झाले. नवेगावबांधला त्यांनी नोकरीची वर्षं काढली होती, माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्याच्या सोबतीने तिथला तलाव आणि तिथले पक्षी वाचले होते. निवृत्तीनंतर ते थांबले नाहीत. तीन दशकं शब्द गोळा करत, लिहीत राहिले, आणि जून २०२५ मध्ये गेले तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते. सगळे चितमपल्ली होत नाहीत हे मलाही कळतं. पण आमच्या गटात दवाखान्यात परिचारिका म्हणून तीस वर्षं रात्रपाळ्या केलेल्या एक बाई आहेत. त्या नवेगावच्या तलावाच्या पाळीवर तासभर न हलता बसतात. पहिल्या खेपेला त्यांना बगळा आणि बदक एवढंच कळायचं. आता पाण्यावर पडलेली सावली पाहून पाणकावळा कोणता आणि तिरंदाज कोणता ते सांगतात. तरण्या पोरांची गाडी येते, फोटो काढते, निघून जाते. त्यांना थांबायला वेळ नसतो, आणि त्यांचा दोषही नाही, रजा दोन दिवसांची असते. थांबायला वेळ असलेलं माणूस जंगलाला हवं असतं.

इथवर मी माझ्या वयाची बाजू घेतली. तलावाच्या काठावर आलं की मात्र मला ती घेता येत नाही.

नवेगावचा तलाव सरकारने बांधलेला नाही. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळीने सात टेकड्यांच्या, म्हणजे सात बहिणींच्या, मधल्या फटी बांधून हे पाणी अडवलं. लोक त्याला कोलासूर देव म्हणून पुजतात. पाणी शेतीला जातं. ढिवरांची जाळी त्यात पडतात. अर्जुनी मोरगाव भागातल्या ढिवर बायकांनी आपल्या गावांच्या तलावांतला बेशरम मुळासकट उपटला, गाळात उभं राहून देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा मासे आणि पाखरं परतली. इथलं पाणी असं हातांनी राखलेलं आहे.

आणि आम्ही काय करतो? मी पाहिलेलं सांगतो. टेम्पो ट्रॅव्हलर पाळीशेजारी लागते. सतरंज्या पडतात. कुकरच्या शिट्ट्या होतात. धानाच्या जिल्ह्यात येऊन तांदूळ नागपूरहून आणलेला, भाजी घरून चिरून आणलेली. गावातल्या खानावळीची बाई दारात उभी राहून पाहते. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी ती पिशवीतून निघतात. पळसाच्या पत्रावळी मांडून बसलेली म्हातारी तिथून शंभर पावलांवर असते. जेवण झालं की भांडी तलावातच विसळली जातात, साबणाचा फेस जाळ्यांकडे वाहत जातो. माकडांना बिस्किटं घालतात आणि त्याला पुण्य म्हणतात. ती माकडं मग गावात शिरून कौलं फोडतात, ती भरायला यांतला कोणी येत नाही. पहाट होते, पाण्यावर धुकं असतं, पाखरं नुकती जागी होत असतात, आणि कोणीतरी स्पीकरवर भक्तिगीत लावतो. देवाचं नाव आहे म्हणून त्याला कोणी बंद कर म्हणत नाही.

हटकलं की ठरलेलं उत्तर येतं. ‘आयुष्यभर राबलो. साहेबाचं ऐकलं, बायकोचं ऐकलं, मुलांचं ऐकलं. आता चार दिवस तरी कोणी शिकवू नये.’ हे मी अनेकदा ऐकलं आहे आणि एकदा म्हटलंही आहे. त्यातलं दुःख खरं आहे. पण तुम्ही राबलात ते कुठल्याशा कार्यालयात, शाळेत, कारखान्यात. हा तलाव तुमचं काही देणं लागत नाही. ज्या ढिवराच्या जाळ्यात तुमचा फेस जातो तो तुमच्याच वयाचा असतो, तुमच्याइतकाच राबलेला असतो, आणि त्याला पेन्शन नसते. वय झालं म्हणून रस्त्यावर मान मागायचा आणि वय झालं म्हणूनच काठावर माफी मागायची, हे दोन्ही एका तोंडाने शोभत नाही. कोहमाऱ्याच्या त्या तरुणाने आम्हाला या काठावर गाठलं असतं तर मी मान खाली घातली असती.

कोणी म्हणेल, सोय नाही तर माणसाने काय करावं? सोय हवीच. हात धुवायला नळ, सांडपाण्याला खड्डा, स्वच्छ संडास, गाडी लावायला तलावापासून दूर जागा, एवढं नवेगावला आणि इटियाडोहला नेटकं झालं पाहिजे. म्हाताऱ्या बाईला संडास नसेल तर ती दिवसभर पाणी पीत नाही, हे मी आमच्याच गाडीत पाहिलं आहे. त्यासाठी अर्ज करू, पुन्हा पुन्हा करू. पण स्टीलची ताटं न्यायला कुठलं धोरण लागत नाही. बादलीभर पाणी काठापासून दूर नेऊन भांडी घासायला लागत नाही. अर्जुनीच्या बाजारातून तांदूळ आणि ढिवराकडून मरळ घ्यायला तर नाहीच नाही.

गेल्या हिवाळ्यातल्या त्याच खेपेत, तलावाच्या मुक्कामात, मी हे आमच्या गटात बोललो. शेजारी माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र बसला होता, शाळेतला सहकारी. त्याच्या हातात माकडांसाठी फोडलेला बिस्किटांचा पुडा होता. मी तो मागून घेतला. चारचौघांत घेतला, हे चुकलं असेल. बाजूला नेऊन सांगायला हवं होतं. तो काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर गोरेगाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला. मुरदोलीला मी गाडी चाळीसवर आणली की एरवी तो काचेला नाक लावून चितळं शोधायचा. त्या दिवशी शोधली नाहीत.

पुढच्या दोन खेपांना तो आला नाही. मी घरी जाऊन त्याच्यापुढे हात जोडले, चारचौघांत बोललो त्याबद्दल. पुड्याबद्दल जोडले नाहीत. या डिसेंबरात आम्ही पुन्हा निघतो आहोत, सहाची गाडी आहे, पाच जण ठरले आहेत. डाव्या खिडकीची जागा त्याची आहे आणि ती मी कोणाला दिलेली नाही.