सुट्टीतलं पुस्तक कुणाच्या हातात?



हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा वार्षिक परीक्षा उरकत आल्या असतील. त्यानंतर मे महिना. पापड-कुरडया, लोणच्याच्या कैऱ्या, लग्नसराई, पाण्याचे टँकर, आणि या सगळ्याच्या मध्ये घरात असलेली सहावी, सातवी, आठवीतली मुलं-मुली. दरवर्षी या सुमाराला आमच्याकडे पत्रं येतात : सुट्टीत या वयाच्या मुलांना कोणत्या कादंबऱ्या द्याव्यात, एखादी यादी छापा. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्या विचारतात, शिक्षिका विचारतात, आयाही विचारतात. या वेळी यादी करायला बसलो तेव्हा आधी आमचीच एक चूक आठवली. ती सांगून मग पुस्तकांकडे येतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही केंद्रात दुपारचा वाचनवर्ग चालवला. पहिल्या दिवशी अठरा जण आले, त्यात अकरा मुली. दुसऱ्या आठवड्यात मुली उरल्या पाच. आम्हाला वाटलं, कंटाळल्या. घरोघर गेल्यावर कळलं की टँकरची वेळ आणि आमची वेळ एकच होती. कुणाच्या कडेवर धाकटा भाऊ होता, कुणाची आई लग्नाच्या स्वयंपाकाच्या कामाला जात होती आणि घर हिच्यावर होतं. एक मुलगी, सातवीची परीक्षा दिलेली, बहिणीच्या बाळंतपणासाठी गावी निघाली होती. ती ‘चौघीजणी’ वाचत होती. एमी रागाच्या भरात जोची गोष्टींची वही जाळते, तिथपर्यंत आली होती. जायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, “ताई, पुस्तक घेऊन जाऊ?” आम्ही नाही म्हटलं. पुस्तकं केंद्राबाहेर न्यायची नाहीत, हरवतात, हा नियम आमचाच.

ज्या बहिणीच्या बाळंतपणाला ती गेली ती एकोणीस वर्षांची होती आणि तिचं ते दुसरं बाळंतपण होतं. मुलगी परत आली ऑगस्टमध्ये. शाळेत दोन महिने मागे पडलेली, आणि घरात तिच्याही स्थळाची कुजबुज सुरू झालेली. पुस्तक मात्र आमच्या कपाटात अगदी सुरक्षित होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांनी आपलं लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचं सांगितलं. म्हणजे दर पाच जणींमागे एकीहून जास्त. सातवी-आठवीचं वय हे या आकड्याच्या उंबरठ्यावरचं वय आहे. एक कादंबरी वाचून कुणाचं लग्न थांबत नाही, हे आम्हाला समजतं. पण स्वतःविषयी काही वेगळं मनात आणायला त्या मुलीला शब्द लागतात, माणसं लागतात. घरात, गल्लीत ती भेटत नसतील तर निदान पुस्तकात भेटली पाहिजेत. म्हणून सुट्टीतल्या वाचनाचा विषय आम्ही ‘मुलांच्या पानावर’ न टाकता संपादकीयात घेत आहोत.

आता पुस्तकांकडे येऊ. गंमत अशी, की मराठी कादंबरीची सुरुवातच मुळी बाईच्या प्रश्नातून झाली. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं. विषय, विधवांची दुःखं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. त्यात तर यमू स्वतःच आपली हकीकत सांगते, अगदी लहानपणापासून. आणि त्याही आधी, १८५५ मध्ये, जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या शाळकरी मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला होता. तिनं बक्षीस म्हणून खाऊ नको, आम्हाला ग्रंथालय द्या असं म्हटल्याची आठवण आजही सांगितली जाते.

इतकी जुनी परंपरा असताना मुलांच्या कपाटात काय दिसतं? श्याम, गोट्या, फास्टर फेणे, लंपन. साने गुरुजी, ना. धों. ताम्हनकर, भा. रा. भागवत आणि प्रकाश नारायण संत यांची ही पुस्तकं आपण सगळ्याजणींनी वाचली आहेत, त्यांच्यावर आपला जीव आहे, आणि ती मुलांना द्यायलाच हवीत. फुरसुंगीचा बन्या फेणे सायकलवर टांग मारून निघाला की त्याच्या मागे आपणही निघालो होतो. पण निघालो होतो ते मनातल्या मनात मुलगा होऊन. ताम्हनकरांनी ‘चिंगी’सुद्धा लिहिली. गोट्या घरोघर पोचला, दूरदर्शनवर मालिका होऊन आला. चिंगी किती जणींना माहीत आहे?

मुलगी मुलांची पुस्तकं वाचते, त्यात तिला काही अडत नाही. मुलाच्या हातात मुलीची गोष्ट दिली की तो म्हणतो, “हे मुलींचं आहे.” आणि आपण ते मुकाट्यानं ऐकून घेतो, दुसरं पुस्तक काढून देतो. खरी अडचण इथे आहे. मुलीला दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करण्याची सवय लहानपणीच लागते. मुलाला ती लावायची असते हे आपल्या लक्षातच येत नाही. पुढे तोच मुलगा नवरा होतो, सासरा होतो, सरपंच होतो, तेव्हा आपण शिबिरं घेऊन त्याला बाईचं दुःख समजावून सांगतो. मुलींच्या गोष्टी मुलींसाठी जितक्या हव्यात त्याहून जास्त त्या मुलांसाठी हव्यात, असं आम्हाला वाटतं.

आणखी एक वाटणी आपल्या हातून होते. मुलाला साहसकथा आणि मुलीला थोर स्त्रियांची चरित्रं. जिजाऊ, सावित्रीबाई, रमाबाई. ही चरित्रं वाचायलाच हवीत. पण बारा वर्षांच्या मुलीला फक्त आदर्शच दाखवत राहिलं तर तिला वाटतं, आपण काही इतक्या थोर नाही. तिला चुकणारी, खोटं बोलून पस्तावणारी, भांडणारी, उगाच हसत सुटणारी, अजून काहीच न ठरवलेली मुलगीही भेटू दे. मुलांना ती मुभा गोट्यानं आणि फास्टर फेणेनं केव्हाच दिली आहे.

इथे आपल्या चळवळीतल्या एका सवयीबद्दलही बोललं पाहिजे. पुस्तक निवडताना पूर्वी वडीलधारे विचारत, “यातून संस्कार काय होतो?” आपण तो प्रश्न बदलला, पण पद्धत तीच ठेवली. आता आपण विचारतो, “यातून संदेश काय जातो?” मग मुलांच्या हातात येते ती हुंडाबंदीची, स्वच्छतेची किंवा समतेची पुस्तिका, जिला गोष्टीचं झबलं घातलेलं असतं. मुलं दोन पानांत ओळखतात आणि तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतात. त्यांचं बरोबर आहे. गोष्ट आधी गोष्ट असली पाहिजे. विचार करायला लावणारं बोलणं वाचनानंतर होऊ शकतं, आणि ते जुन्या, आपल्या मताशी न जुळणाऱ्या पुस्तकावरही होऊ शकतं.

दोन उदाहरणं देतो. ‘श्यामची आई’ (१९३५) मधल्या आईच्या सोशिकतेचा आपल्याला राग येतो, आणि काही मैत्रिणी म्हणतात हे पुस्तक यादीत नकोच. पण पहिल्याच रात्रीची गोष्ट पाहा. आजारी आईला वडाला प्रदक्षिणा घालणं झेपत नाही म्हणून ती श्यामला घालायला सांगते, आणि बायकांचं काम करताना मुलं हसतील म्हणून श्याम लाजतो. सातवीतल्या मुला-मुलींना एवढंच विचारा : त्याला लाज कशाची वाटली? तुम्हाला कोणतं काम करताना वाटते? झाडू मारताना? ताईचे कपडे वाळत घालताना? आमच्या वर्गात या प्रश्नावर एक तास गेला आणि मुलंच जास्त बोलली. व्रताबद्दल काय म्हणायचं ते मुली आपोआप म्हणाल्या.

दुसरं ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्जच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद वाचून सगळ्यांना ज्योडी आवडतो, त्याचा बाप आवडतो, हरणाचं पाडस तर आवडतंच. आई कुणालाच आवडत नाही. ती कडक, तुटक, पाडस घरात नको म्हणणारी. मुलांना विचारा, पिकाचा नास झाला तर हिवाळ्यात ताटात काय येणार याचा हिशेब घरात कोण करतं? ज्योडीच्या आधी तिची किती मुलं दगावली, हे पुन्हा काढून वाचा. मग आईकडे पाहण्याची नजर बदलते. पुस्तक मुलाचं, जंगलाचं, शिकारीचं. त्यातली बाई शोधायला मात्र आपण शिकवलं पाहिजे.

मुलींच्या गोष्टींत शांता शेळके यांनी अनुवादलेली ‘चौघीजणी’ आम्ही सगळ्यात आधी सुचवू. लुइसा मे अल्कॉटच्या मूळ कादंबरीचा पहिला भाग १८६८ चा. चार बहिणी, लढाईवर गेलेले वडील, ओढगस्तीचा संसार, आणि लिहायचं वेड असलेली जो. वडील आजारी पडल्यावर आईच्या प्रवासाला पैसे हवेत म्हणून जो आपले लांब केस विकते. शेजारच्या लॉरीशीच जोचं लग्न लावा असा वाचकांचा आग्रह होता, तो लेखिकेनं मानला नाही. स्वतः अल्कॉटनं लग्न केलं नाही. हे सगळं मुलांना सांगा आणि मग विचारा, गोष्टीच्या शेवटी लग्न लागलंच पाहिजे का? याच्या जोडीला ‘तोत्तोचान’ ठेवा. ती कादंबरी नव्हे, तेत्सुको कुरोयानागी यांच्या बालपणाच्या आठवणी आहेत. पण सहावीतली मुलं ती कादंबरीसारखीच वाचतात. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली मुलगी, आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा, पोलिओ झालेल्या मित्राला झाडावर चढवण्याची खटपट. हे पुस्तक “मुलींचं आहे” म्हणून परत करणारा मुलगा आम्हाला अजून भेटलेला नाही. आठवीच्या मुलांना ‘पण लक्षात कोण घेतो’ची सुरुवातीची प्रकरणं मोठ्यानं वाचून दाखवा. भाषा जुनी आहे, पण यमूचं बोलणं ऐकायला कानाला जड जात नाही.

एवढी नावं घेतल्यावरही एक जागा मोकळीच राहते. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारी, कोप्यावर भाकरी थापणारी आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात गावी परतणारी मुलगी या वयाच्या कादंबरीची नायिका कुठे आहे? वस्तीतली, पाड्यावरची, मोहल्ल्यातली मुलगी? दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी मराठी वाचकाला हलवून सोडलं, पण ती मोठ्यांसाठी आहेत. लहानग्यांसाठी माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारखी सुंदर पुस्तकं आली. अकरा ते चौदा या वयासाठी मात्र हात आखडता राहिला आहे. आपल्यातल्या लिहित्या बायकांनी हे काम अंगावर घ्यावं.

शेवटी पुस्तक मिळायचं कुठून आणि वाचायचं कधी. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही असावीत असं म्हटलं आहे. बऱ्याच ठिकाणी ती पुस्तकं असतात, पण कुलपात, आणि सुट्टीत तर हमखास. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. आपल्या गटातल्या कितीतरी जणी तिथे सह्या करतात. या एप्रिलच्या बैठकीत एकच मागणी करा : सुट्टी लागण्याच्या दिवशी प्रत्येक मुला-मुलीला दोन पुस्तकं घरी द्यावीत, जूनमध्ये परत घ्यावीत. एखादं फाटेल, एखादं हरवेल. न वाचलेल्या पुस्तकाला कसर लागण्यापेक्षा ते बरं. घरात एकच फोन असेल आणि तो भावाच्या हातात असेल, तर छापील पुस्तकाची गरज मुलीला जास्त आहे हेही तिथे सांगा.

आणि घरी? दुपारचा एक तास मुलीचा. त्या तासात तिला पाणी आण, बाळाला घे, दळण टाक असं सांगायचं नाही. तो तास भावानं सांभाळायचा. रमाबाई रानडे यांना घरातल्याच बायकांचा रोष सोसून वाचायला शिकावं लागलं, ते त्यांनी १९१० च्या आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. निदान आपण तरी त्या बायका व्हायचं नाही.

आमच्या केंद्राचा नियम आम्ही बदलला आहे. पुस्तक आता मुलीबरोबर गावी जाईल, बाळंतपणाला जाईल, लग्नघरी जाईल. ‘चौघीजणी’ची ती प्रत आम्ही तिच्या घरी नेऊन दिली. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं, पुस्तक घेतलं आणि पानं उलटत थेट त्याच जागेवर गेली. जो एमीला क्षमा करते की नाही, हे तिनं आम्हाला विचारलं नाही. तिला ते स्वतः वाचायचं होतं.

तुमच्या गावात, वस्तीत मुलांनी कोणती पुस्तकं आवडीनं वाचली, कोणती अर्ध्यावर टाकली, मुलग्यांनी मुलीची कोणती गोष्ट वाचली, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू. यादी अशीच, सगळ्याजणींनी मिळून, तयार होईल.

— संपादक मंडळ