चरख्याला हार, पिंजण अडगळीत

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, हे मला ठाऊक आहे. परंतु सभेच्या व्यासपीठावर चरख्याला हार घालताना पाहिले, की मला गप्प बसवत नाही. हार चरख्याला, आणि ज्याच्या जिवावर तो फिरला ते पिंजण अडगळीत!

वाचकहो, चरखा करतो काय? कापूस ओढतो आणि त्याला पीळ देतो. त्याआधी चरकीने सरकी काढावी लागते. पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोका मारून कापूस मोकळा करावा लागतो. त्याचे पेळू वळावे लागतात. मग चरख्याची पाळी! कापूस नीट पिंजलेला नसेल, तर सुतात गाठी येतात आणि धागा पदोपदी तुटतो. तेथे कातणारीच्या हाताला दोष देऊन काय उपयोग?

गांधीजींना हे पुरते उमगले होते. गंगाबेन मजमुदार यांनी विजापूरला चरखा शोधून काढला, तेव्हा पेळू प्रथम गिरणीतून येत. हे काही गांधीजींच्या मनाला पटेना. मग गंगाबेननी पिंजारी गाठला. त्याने महिना 35 रुपये मागितले आणि गांधीजींना ते मोल जड वाटले नाही. आत्मकथेत त्यांनी हे स्वच्छ लिहून ठेवले आहे. 1931 च्या काँग्रेसच्या ध्वजावर मात्र एकटा चरखाच आला!

कोणी म्हणेल, "आता यंत्रे आहेत, शिवाय त्या धुळीने पिंजाऱ्याच्या छातीचे मातेरे होई." खरे आहे. यंत्र आले याचे मला दुःख नाही. पण ज्यांनी छाती झिजवून आपल्याला मऊ गाद्या दिल्या, त्यांना विसरायला हे कारण कसे होते? हे तर आठवण ठेवण्याचे कारण!

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. लहानपणी दिवाळीच्या तोंडावर पिंजणाचा टणत्कार ऐकला, की आम्ही पोरे धावत सुटायचो. पुढे संसार थाटल्यावर पिंजारीचाचांशी मी दारात चार रुपयांवरून घासाघीस केली. ते काही बोलले नाहीत. केसांतला कापूस झटकून, पिंजण खांद्यावर टाकून निघून गेले. त्यांनी भरलेल्या गादीवर मी वर्षानुवर्षे सुखाने झोपलो. ती लाज अजून जात नाही.

म्हणून मागणे एवढेच. गल्लीत पिंजारी आलाच, तर त्याच्याशी घासाघीस करू नका. आणि जेथे चरखा मांडाल, तेथे शेजारी पिंजणही मांडा. हार एकच असला तरी चालेल, दोघांत पुरेल.