भाडे छपराचे की सावजाचे?

‘केबिन’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बँकेतल्या साहेबांची काचेची खोली उभी राहते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत मात्र केबिन म्हणजे रानातले लाकडी घर. शरद ऋतूत एल्कच्या शिकारीचा हंगाम आला की अशी घरे भाड्याने मिळविण्यासाठी तेथे एकच धावपळ उडते. एल्क हे आपल्या सांबराच्या कुळातले, पण त्याहून थोराड हरीण. पुरा वाढलेला नर तीनशे किलोंच्याही वर भरतो.

हा विषय आमच्या घरात शिरला तो मामांमुळे. ते बरीच वर्षे कोलोरॅडोत नोकरीला आहेत. गेल्या ऑक्टोबरात तिघा सहकाऱ्यांसह त्यांनी चार रात्रींसाठी केबिन घेतली आणि ते शिकारीला गेले. फोनवर हे ऐकताच आजी म्हणाली, “पैसे मोजून पाप विकत घेतलंस होय रे?” मामा गप्प राहिले. मीही तेव्हा आजीच्याच बाजूचा होतो. पुढे थोडे वाचले, मामांना खोदून खोदून विचारले, आणि माझे मत पालटले. निदान अर्धे तरी!

मुळात मामांनी भाड्याने घेतले काय? तर वनखात्याची एक जुनी चौकी. वीज नाही, नळ नाही. लाकडांवर पेटणारी शेगडी, निजायला फळ्या, संडास बाहेर. अंथरूण-पांघरूण, शिधा, पिण्याचे पाणी सारे आपणच न्यायचे. निघताना खोली झाडायची, राख काढायची आणि मागून येणाऱ्यासाठी लाकडे फोडून ठेवायची. ज्याने आधी नोंदणी केली त्याला जागा; मग तो डॉक्टर असो वा सुतार.

या भाड्यात एल्क येत नाही, आणि माझ्या मते सारे मर्म येथेच आहे. तिकडे रानातले जनावर जमीनमालकाचे मानीत नाहीत. ते जनतेचे, आणि सरकार त्याचे विश्वस्त. शिकारीचा परवाना निराळा काढावा लागतो. कोलोरॅडोत १९४९ पासून पुढे जन्मलेल्यांना शिकारीचा अभ्यासक्रम पुरा केल्यावाचून तो सहसा मिळत नाही. मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा गुन्हा आहे. इतके करूनही पाच शिकाऱ्यांमागे साधारण एकालाच एल्क मिळते. मामांची मंडळी रिकाम्या हातांनीच परतली. तरी भाडे वाया गेले असे त्यांना वाटत नाही.

या शिस्तीमागे एक कटू अनुभव आहे. एकोणिसाव्या शतकात बाजारात मांस विकण्यासाठी इतकी बेसुमार शिकार झाली की कोलोरॅडोतले एल्क नामशेष होण्याच्या बेतास आले. विसाव्या शतकाच्या आरंभी शेजारच्या वायोमिंगमधून कळप आणून सोडावे लागले. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या संगोपनासाठी राखून ठेवला. आज त्या राज्यात अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत. म्हणजे बंदूकवाल्याच्याच खिशातून हरणाचे रान राखले गेले!

परंतु चित्राची दुसरी बाजूही आहे. मामांनी मला एका खाजगी लॉजची जाहिरात दाखविली. गरम पाण्याची न्हाणी, तयार जेवण, वाटाड्या, आणि कुंपणात पाळलेले एल्क. शिकार हमखास, दर शिंगांच्या आकारावर! येथे भाडे छपराचे नाही, सावजाचे आहे. मोंटाना राज्यातील मतदारांनी २००० साली मतदान करून पैसे घेऊन चालणारी ही कुंपणातली शिकार बंद पाडली. त्या मतदारांत शिकारीही होते, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

मित्रहो, आपण म्हणाल, आपल्याला याचे काय? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी केली, आणि ते योग्यच झाले. पण ताडोब्याच्या आसपास रिसॉर्टमध्ये उतरून ‘एवढे पैसे भरले, वाघ का दिसला नाही?’ म्हणून वाटाड्यावर ओरडणारे पाहुणे आपणच ना? हातात बंदुकीऐवजी कॅमेरा आला एवढेच. भाडे मात्र आपण सावजाचेच मोजतो. उलट मेळघाटातल्या साध्या वनविश्रामगृहात राहून, काही न दिसताही तृप्त होऊन परतणारा माणूस मला मामांच्या केबिनीचा सख्खा शेजारी वाटतो.

हे सारे मी आजीला समजावून सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “मरणाऱ्या जनावराला कुंपण काय नि रान काय?” या प्रश्नाला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही, म्हणून माझे मत अर्धेच पालटले असे म्हणालो. शिकार करावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. पण रानात पैसे मोजून आपण काय घ्यावे, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. डोक्यावर छप्पर, चार रात्रींची ऊब आणि मागच्याने फोडून ठेवलेली लाकडे. त्यापलीकडचे जे काही आहे, ते रानाने दिले तर घ्यावे, मागू नये.